शिमल्यात अचानक बर्फ आणि आमच्या वृंदगानाचा उघडा पडलेला आवाज

दौलतगंजची

फोटो परवाच टाकले होते. सगळ्यांनी "वा, नशीबवान आहात" म्हणून अंगठे दिले आणि विषय संपला. पण मला फोटोंपेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर बोलायचंय, म्हणून वेगळा धागा काढतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचं वृंदगान म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली वीस-पंचवीस माणसं. निवृत्त बँकवाले, शाळेतल्या बाई, एक दाताचे डॉक्टर, कॉलेजची दोन-तीन पोरं. शिकवतात त्यांना सगळे माई म्हणतात, त्यांचे स्वतःचे नातूसुद्धा. चंडीगढच्या मराठी मंडळींनी पाडव्याच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. मालवा एक्सप्रेसनं अंबाल्यापर्यंत, पुढे गाड्या करून. कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या, श्रीखंड झालं. इतक्या लांब आलोच आहोत तर शिमला बघून येऊ, हे निघायच्या आधीच ठरलेलं.

ग्वाल्हेरात तोवर पंखे सुरू झाले होते. मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारलं, तर पलीकडचा भैया म्हणाला, "अब कहाँ बर्फ, मैडम, सीझन तो गया." त्यामुळे सुती साड्या, चपला आणि फार तर एकेक शाल. आमच्या पिशव्यांत लोकरीपेक्षा तिळगुळाची गजक जास्त होती.

कालक्याहून छोट्या गाडीनं वर गेलो. १९०३ साली सुरू झालेली ही लाइन, एकशे दोन बोगदे, २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत. पहिल्या दहा बोगद्यांत पोरं किंचाळली. मग माईंनी डोळे वटारले आणि म्हणाल्या, ओरडायचंच असेल तर सुरात ओरडा. बडोगचा बोगदा सगळ्यात लांब, अकराशे मीटरच्या वर. गाडी आत शिरली आणि आम्ही बहार रागातला तराणा धरला, म्हणजे नुसत्या तनन-दिरदिर बोलांचं गाणं. काय घुमला म्हणून सांगू! वीस-पंचवीस गळ्यांचे साठ झाले. खालच्या पट्टीतले आमचे पुरुष, जे एरवी बायकांच्या मागे मागे येतात, ते एकदम दरबारी गवयांसारखे वाटायला लागले. बोगदा संपल्यावर पुढच्या डब्यातल्या सरदारजींनी "होर सुणाओ" म्हणून हाक दिली. आम्ही सगळे स्वतःवर फार खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाइसरॉयचा जुना बंगला बघायला गेलो. १८८८ सालचा, आता तिथे उच्च अध्ययन संस्था आहे. आत लाकूडकाम बघत होतो तेव्हा बाहेर पाऊस. बाहेर आलो तर पावसात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे. आमच्यातल्या एका काकांनी जाहीर केलं की या गारा आहेत, छपराखाली या. पाच मिनिटांत दाण्यांचे पापुद्रे झाले आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. बहात्तर वर्षांच्या आमच्या आजी पदर पसरून उभ्या! डॉक्टर तोंड उघडून. मी स्वतः काय केलं ते लिहीत नाही, व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आहे आणि तिथेच राहील.

तासाभरानं बर्फ विरळ झाला तसे आम्ही समर हिलच्या रस्त्यानं चालत निघालो. दोन्ही बाजूंना देवदार, रस्त्यावर चार-पाच बोटं बर्फ, माणूस नाही, गाडी नाही. माई म्हणाल्या, कालचाच तराणा इथे म्हणा.

म्हटला. आणि पहिल्याच आवर्तनात सगळ्यांचे चेहरे उतरले. आवाजाला आसच नाही. तोंड मिटलं की सूर संपला, मागे काहीच उरत नव्हतं. शेजारची किती खाली लावतेय ते स्वच्छ ऐकू येत होतं, माझं मला तर त्याहून स्वच्छ. पुरुष समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, केसभर उशिरा येतात हे कळलं. आदल्या दिवशी बोगद्यात दरबारी गवई होते, तेच हे! वर तबला उतरला, बासरी खाली गेली, पेटी मात्र होती तिथेच.

माईंनी हात वर करून थांबवलं. रागावल्या नाहीत. "परत, हळू लयीत," एवढंच म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा जरा बरं झालं.

तर जाणकारांनो, हे नक्की काय झालं? थंडी, उंची, बर्फ, की आम्हीच कच्चे?

---

देवदार

ताई, आधी स्वागत! मी पाच-सहा वर्षं शिमल्यात आहे, नवऱ्याची सरकारी नोकरी. तुम्ही आलात हे कळलं असतं तर चहाला बोलावलं असतं. पंचवीस माणसांना आमच्या घरात उभंच राहावं लागलं असतं, ते सोडा.

मार्चअखेरचा बर्फ इथे नेमाचा नाही, पण अगदी अशक्यही नाही. तुमच्या भैयानं ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून तसं सांगितलं म्हणावं, तर तसंही वाटत नाही. त्याला खरंच बर्फाची अपेक्षा नसणार.

पुढे कुणी येणार असेल त्यांच्यासाठी एक सांगते. बर्फ पडतो त्या दिवशी फार धोका नसतो, पाय रुततो. खरी भीती दुसऱ्या सकाळची. रात्री तो गोठतो आणि उताराचा रस्ता काच होतो. म्हातारी माणसं त्याच वेळी पडतात. कडेला जिथे कुणी चाललेलं नाही अशा भुसभुशीत बर्फातून चालावं. कार्ट रोडवरून मॉलवर यायला लिफ्ट आहे, आजी-आजोबांनी चढ चढूच नये. कुफ्रीला गमबूट आणि कोट भाड्यानं मिळतात, आत आपले मोजे दोन घाला. आणि जाखूच्या मारुतीला गेला असाल तर चष्मे शाबूत आहेत ना?

---

दौलतगंजची

देवदार ताई, एक चष्मा गेला. गजक देऊन परत मिळवला. माकडालाही मुरैन्याची गजक आवडते हे सिद्ध झालं.

---

ढग्या

हवामानाचं मी सांगतो, बाकी गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

हे पश्चिमी झंझावाताचं काम. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होणारे कमी दाबाचे पट्टे वरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे येतात. डिसेंबर ते मार्च त्यांचा हंगाम. हिमालयाला अडले की हवा वर चढते, थंड होते आणि ओझं उतरवते.

आधी पाऊस आणि मग बर्फ का, हे जास्त मजेशीर आहे. वर ढगात बर्फच असतो, खाली येताना वितळतो आणि आपल्याला पाऊस म्हणून मिळतो. पण वितळायला उष्णता लागते, ती तो भोवतालच्या हवेतून ओढून घेतो. पाऊस जोराचा असला की तेवढ्यानं हवा गार होत जाते आणि बर्फ टिकण्याची पातळी खाली सरकते. शिमला साधारण २२०० मीटरवर. ती पातळी तुमच्या डोक्यावर होती, ती तासाभरात तुमच्या पायाखाली आली. काकांच्या त्या "गारा" म्हणजे मधला टप्पा.

---

चंबळकाठ

बोलू नये पण बोलतो. तुम्ही तिकडे पदर पसरून बर्फ झेलत होतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे आमच्या गव्हावर गारा पडल्या. मोहरी निघाली होती म्हणून वाचली. गहू आडवा झाला. वर सांगितलेला तोच झंझावात, त्याचीच शेपटी. तुमच्यावर राग नाही, बर्फ तुम्ही पाडला नाहीत. पण फोटोंवर अंगठा द्यायला हात उचलला नाही एवढंच.

---

दौलतगंजची

दादा, वाचून वाईट वाटलं. आमच्या बसमध्ये मुरैन्याकडचे एक जण होते. तेही बर्फ पडायला लागल्यावर घरी फोन लावत होते. आम्हाला तेव्हा वाटलं, बर्फाची बातमी देतायत. नुकसानीचा पंचनामा झाला का?

---

चंबळकाठ

पटवारी येऊन गेला. बघू. तुम्ही गाण्याचं चालू द्या.

---

मुरारकर मास्तर

पस्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. असा प्रश्न एका विद्यार्थ्यानं विचारला असता तर त्याला डोक्यावर घेतलं असतं.

दौलतगंजच्या ताई, तुम्ही कच्चे आहात की नाही ते माई जाणोत. पण जे ऐकलंत ते बर्फामुळेच. बंद जागेत आपल्या कानावर दोन प्रकारचा आवाज येतो. एक थेट तोंडातून, आणि दुसरा भिंती, छत, फरशी यांवर आपटून परत आलेला. दुसरा किंचित उशिरा येतो, आणि पहिल्याच्या कडा पुसून टाकतो. कुणी थोडं खाली लावलं, कुणी उशिरा आलं, तरी सगळं त्या परत आलेल्या लाटेत मिसळून जातं. बडोगच्या बोगद्यात दगडी भिंती अगदी जवळ, आवाज जाणार कुठे? तो तुम्हालाच पुनःपुन्हा ऐकू येत राहिला.

ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांहून जास्त हवाच असते. स्फटिकांच्या मधे बारीक बारीक फटी. ध्वनीची लाट आत शिरते, फटींतली हवा हलते, घर्षणात तिची शक्ती उष्णता होऊन संपते. चार बोटं बर्फसुद्धा पुरतो, वरच्या पट्टीचे सूर तर आधी गिळले जातात. एरवी उघड्या रस्त्यावरही डांबरावरून बराच आवाज परततो, तोही तुम्हाला मिळाला नाही. शिवाय फांद्यांवर बर्फ, कठड्यावर बर्फ. तुमच्या कानाला फक्त थेट आवाज मिळाला.

---

खडूस म्हातारा

मास्तर, मग बर्फाळ प्रदेशात दूरच्या घंटा स्वच्छ ऐकू येतात म्हणतात ते कसं? मी स्वतः औलीला ऐकल्या आहेत. तुमचं शास्त्र तिथे सुट्टीवर होतं का?

---

मुरारकर मास्तर

सुट्टीवर नव्हतं, दुसऱ्या वर्गावर होतं. तुम्ही ऐकलंत ते बहुधा पहाटे किंवा रात्री, आभाळ निरभ्र असताना. तेव्हा बर्फाला लागून असलेली हवा फार थंड असते आणि तिच्यावरची जरा उबदार. थंड हवेत ध्वनी सावकाश जातो, त्यामुळे वर निघालेली लाट वाकून परत जमिनीकडे येते आणि लांब पोचते. त्यातून बर्फ जुना होऊन वर कडक पापुद्रा आला असेल तर तो आवाज परतही फेकतो. यांच्या वेळी बर्फ नुकता पडलेला, आभाळ भरलेलं. दोन्ही खरं.

---

खडूस म्हातारा

पटलं. पण माझी मूळ तक्रार वेगळी आहे. सहलीला गेलेल्या मंडळींनी दिसेल तिथे पेटी-तबला काढून गाऊ नये. डोंगरात माणूस शांततेसाठी जातो. आधीच रीलवाले कमी आहेत का?

---

दौलतगंजची

काका, त्या रस्त्यावर आम्ही आणि देवदाराची झाडं, बस. तरी मुद्दा मान्य. संध्याकाळी रिजच्या मोकळ्या चौकात ख्राइस्ट चर्चसमोर तोबा गर्दी होती, पोरांचा आग्रह होता की इथे म्हणू. माईंनी साफ नाही म्हटलं. पेटी त्या वेळी मुक्कामावरच होती. एका बंगाली कुटुंबानं फारच गळ घातली तेव्हा आजींनी एकटीनं एक ओवी म्हटली, ती पण स्वतःच्या शालीतल्या शालीत. ती चालेल ना?

---

खडूस म्हातारा

आजींना सगळं माफ.

---

देवदार

रिजवर उड्या मारल्यात की नाही? पायाखाली शहराची पाण्याची मोठी टाकी आहे, इंग्रजांच्या काळापासूनची. निम्मं शिमला ते पाणी पितं. नवीन माणसाला सांगितलं की तो एकदम हळू चालायला लागतो.

---

डॉ. आडुळसा

उंचीचं आणि थंडीचं मी सांगते. ईएनटी आहे, त्यामुळे गाणारे लोक माझ्याकडे फक्त आवाज बसल्यावर येतात.

ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास. शिमल्यात हवेचा दाब त्याहून पाचवा हिस्सा तरी कमी. चालून आल्यावर लगेच लांब ओळ म्हणायला गेलात तर दम मधेच तुटणार, मग माणूस घाईनं तोंडानं श्वास ओढतो. थंड कोरडी हवा नाकातून आली तर वाटेत गरम आणि ओली होते, तोंडातून आली तर घसा आणि स्वरतंतू कोरडे पडतात. समेवर उशीर होण्यात थोडा वाटा याचाही असेल. गार हवेत ओठ-जीभही जड होतात, तराण्यातले दिर-दिर, तनन तेव्हा हमखास लोळतात.

दमा असलेल्यांनी मात्र हे हसण्यावारी नेऊ नये. थंड हवेत जोरात गाणं म्हणजे श्वासनळ्या आवळायला निमंत्रण. पंप खिशात हवा, हॉटेलातल्या बॅगेत उपयोग नाही. बाकीच्यांनी गळ्याभोवती काहीतरी गुंडाळावं, मधून मधून कोमट पाणी प्यावं, आधी पाच मिनिटं तोंड मिटून गुणगुणावं. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाऊन गेलं की काही होत नाही असं मला एका पेशंटनं सांगितलं होतं. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा मी विचारलं नाही.

---

ठेका दादरा

मी यांच्याचबरोबर होतो, तबल्यावर. "तबला उतरला" एवढं लिहून ताई मोकळ्या झाल्या. माझं काय झालं ते कोण लिहिणार?

चामड्याला दमट हवा लागली की ते सैल पडतं. बर्फ पडत असताना हवा ओलीच असते, त्यातून पोरांनी खोळ उघडी टाकली होती. काळी दोन पट्टीत लावलेला तबला, बघता बघता पाऊण पट्टी खाली. गट्टे ठोकून चढवावं तर बोटं बधीर, हातोडी हातात आहे की नाही कळेना. शेवटी तबला शालीत गुंडाळून पोटाशी धरून बसलो दहा मिनिटं. चढला थोडा. शाईवर एक थेंब पडू दिला नाही, डग्ग्यावर छत्री धरायला डॉक्टरांना उभं केलं होतं. दाताचे डॉक्टर, पण त्या दिवशी उपयोगी पडले.

आणि एक सांगतो. ताईंनी पुरुषांना धुतलंय. तिसऱ्या वेळी बायकाच पुढे पळाल्या. थंडी वाजत होती, लवकर संपवायचं होतं.

---

बडोद्याची बासरी

आमच्या बडोद्यात बर्फ फक्त गोळ्याचा, काला खट्टा घातलेला. तरी बासरीचं मला माहीत आहे, कारण एकदा एसीच्या सभागृहात तोंडघशी पडता पडता वाचलो.

बासरीत सूर हवेच्या स्तंभाचा. हवेतला ध्वनीचा वेग वीस अंशाला सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास, शून्याला ३३१. वेग कमी झाला की सूर उतरतो. पूर्ण वीस अंशांचा फरक धरला तर शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून थोडा जास्त. आपली फुंकर गरम असल्यानं प्रत्यक्षात तेवढा होत नाही, पण वाजवायचं थांबलात की बांबू परत गार. पेटीत सूर पितळी पातीचा. तिला थंडीचा फरक नगण्य, झालाच तर किंचित चढते. म्हणजे एक खाली, एक तिथेच. पेटी बदलता येत नाही, बासरीवाल्यालाच शिव्या बसतात. तुमच्या बासरीवाल्या मुलाला सांगा, न वाजवताना बासरी जॅकेटच्या आत ठेवायची आणि धरण्याआधी न वाजवता आतून श्वास सोडत राहायचं. तार सप्तकातले सूर आधी तपासायचे, मधे लागला म्हणजे वरही लागेल असं नसतं.

देवदार ताई, त्या चर्चमधला मोठा पाइप ऑर्गन थंडीत कसा वाजतो हो? त्याच्या नळ्यांचंही हेच होत असणार.

---

देवदार

ऑर्गन बघितलाय, ऐकलेला नाही. नाताळात जाऊन ऐकते आणि सांगते, जागा मिळाली तर.

---

दौलतगंजची

सगळ्यांचे आभार. आता पुढचं ऐका, कारण खरी भानगड परत आल्यावर सुरू झालीय.

आमची तालीम होते ती जुन्या वाड्याच्या खालच्या दगडी दिवाणखान्यात. उंच छत, फरशी, चारी बाजूंना नुसत्या भिंती. तिथे काहीही म्हटलं तरी गोड लागतं. शिमल्याहून आल्यावर पहिल्याच तालमीला माईंनी सांगितलं, वरच्या खोलीत चला. वरची खोली म्हणजे घरच्यांचं गाद्या-रजयांचं कोठार. भिंतीला लागून छतापर्यंत गाद्या, खिडक्यांना जाड पडदे. आता पहिला अर्धा तास तिथे, मग खाली. वर उभं राहिलं की तोच समर हिलचा रस्ता, फक्त चाळीस अंशात!

निम्मे लोक वैतागलेत. गाण्यातला आनंदच गेला म्हणतात. एक काकू तर दोन तालमी आल्याच नाहीत. मला स्वतःला पटतंय. या महिन्यात माझा कोमल निषाद जागेवर आला, आणि तो इतके दिवस जागेवर नव्हता हे खाली कुणाला कळलंच नव्हतं.

---

गुजरीमहाल

मी काकूंच्या बाजूनं. मुळात जागा ही गाण्याचा भागच असते. राजा मानसिंह तोमरानं आपल्या किल्ल्यावर मानमंदिर महाल बांधला आणि धृपद उभं केलं, ते काय गाद्यांच्या कोठारात? त्या दालनांत नुसता खर्जाचा सा लावून बघा, दगड साथ करतो. गवई त्या साथीला धरूनच गात असणार. आपल्या ग्वाल्हेर घराण्याचा मोकळा, खुला आवाज माइक नसलेल्या दगडी महालांत वाढलाय. आस काढून घ्यायची आणि मग म्हणायचं, बघा तुम्ही किती कणसूर आहात! माणसाला भर उन्हात उभं करून त्याच्या सुरकुत्या मोजण्यातला प्रकार झाला.

---

मुरारकर मास्तर

गुजरीमहाल, दालनात एकटा गवई वेगळा आणि वीस माणसं वेगळी. एकटा आपल्या आसेशी जुळवून घेतो. वीस जणांत प्रत्येक जण दुसऱ्याच्या आसेत लपतो. मैफलीला दगडी दालन हवंच, त्याबद्दल वाद नाही. तालमीला कुठे उभं राहायचं, एवढाच प्रश्न.

---

गुजरीमहाल

मास्तर, पण सवय कशाची लागणार? गाद्यांत गायलं की माणूस घशावर जोर देतो, कारण परत काही येत नाही. महिनाभरात आवाज फाटतील. डॉक्टर, खरं की नाही?

---

डॉ. आडुळसा

हा धोका खरा आहे. परत आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत जोर वाढवतो, गोंगाटात बोलताना होतं तसंच. म्हणून तिथे हळू आवाजातच गावं, आणि अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. माईंनी बर्फात "हळू लयीत" म्हटलं, आवाजही हळू करायला सांगितला होता का?

---

दौलतगंजची

हो. कोठारात त्यांचा एकच नियम आहे, शेजारचीचा आवाज आपल्यापेक्षा मोठा ऐकू आला पाहिजे. सगळ्यांनी हा नियम पाळला की खोलीत जवळजवळ कुजबूज उरते, आणि त्या कुजबुजीत तराणा. ऐकायला विचित्र, पण सम एकदम पडते. पुरुषांचीसुद्धा.

---

ठेका दादरा

पुरुषांची आधीपासूनच पडत होती.

---

गुजरीमहाल

हळू गाणार असाल तर माझा विरोध निम्मा कमी. उरलेला निम्मा मी स्वतः ऐकून ठरवीन. पुढच्या रविवारी येऊ का? कचोरी असेल तर नक्की.

---

खडूस म्हातारा

मी पण येतो. मी गाणार नाही, तक्रार करायला कुणीतरी लागतं.

---

दौलतगंजची

दोघंही या, साडेसहाला, कचोरी ठेका दादरांकडे लागली. कोठारात बसायला सतरंजी नाही, गाद्यांवरच चढून बसावं लागेल. आणि जमलं तर एकेक जुनी रजई घेऊन या. घरच्यांनी निम्म्या रजया उन्हाळ्याच्या धुण्याला काढल्यात, त्यामुळे उत्तरेकडची भिंत पुन्हा घुमायला लागलीय.